गाळलेली ओळ

डिस्कवर भूकंपाचे अकरा सेकंद नव्हतेच.

ताईनं तिसऱ्यांदा तपासलं. भूकंपमापन केंद्राची नोंद थेट डिस्कवर लिहिली जायची, मधे फाइलबिईल काही नाही. धक्का बसला, वीज गेली. त्याआधी प्रत्येक नोंदीला सिस्टिमच्या गाभ्याकडून, म्हणजे कर्नेलकडून, ‘लिहिलं’ असा जबाब आला होता. लिहिलं होतं, तर गेलं कुठं?

ठपका मास्तरांवर आला. हे लिखाण वेगवान करायचं काम त्यांचं, प्रोग्राममधल्या बदलाखाली नावही त्यांचंच. चार वाजता चौकशी होती. उभ्या आयुष्याची अब्रू जायची वेळ, आणि मास्तर निमूटपणे टेबल आवरत होते. नजर जवळजवळ गेलेली. चाचपत चाचपत एकेक वस्तू पिशवीत टाकत होते.

ताई चाचण्या घ्यायची. तिला आणि तिच्या थोरल्या भावाला, दादाला, हे काम मास्तरांनीच बोट धरून शिकवलं होतं. दादा आता गटाचा प्रमुख होता.

“मास्तर, नेमकं काय बदललं होतंत?”

“पूर्वी कर्नेल मजकुराची आधी नक्कल करायचं, मग चिमूटचिमूट तुकडे एकामागून एक डिस्ककडे धाडायचं. मी नक्कल काढली. तुकडे मोठे केले, एकदम अनेक पाठवले. आणि सगळ्यांचं ‘झालं’ डिस्ककडून येईपर्यंत थांबायचं.”

“ती थांबायची ओळ तुम्ही घातली होतीत?”

“सांगितली असेल, पोरी.” मास्तरांचा हात पिशवीवर थबकला. “आता माझा मलाच भरवसा वाटत नाही.”

“टाइप कोणी केलं?”

“दादानंच. मी बोलतो, तो टाइप करतो, मग मला वाचून दाखवतो आणि माझ्या नावानं पाठवतो. पाच वर्षं असंच चाललंय. हा बदल पाठवला त्या संध्याकाळी बिचाऱ्याचा घसा बसला होता. पाणी प्यायला लावलं मी.”

दादा दारात उभा होता. “कशाला छळतेस त्यांना? झाली चूक. माणूसच आहेत ते.”

ताई चाचणीच्या खोलीत गेली. फळ्यावर तिच्याच अक्षरात नव्या बदलाचा वेग होता: सेकंदाला दोनशे दहा एमबी. हा आकडा आला त्या दिवशी तिनं टाळ्या वाजवल्या होत्या. खाली डिस्कचं रिकामं खोकं पडलं होतं. तिनं ते वळवलं. लेबलवर छापलं होतं: कमाल वेग दीडशे.

तिनं प्रोग्राममधल्या बदलांच्या जुन्या नोंदी उघडल्या.

पाऊण तासानं ती मास्तरांच्या टेबलाशी परतली. दादा अजून तिथंच होता.

“डिस्क दीडशेच्या वर लिहूच शकत नाही, दादा. मग दोनशे दहा आले कुठून? कर्नेल डिस्कसाठी थांबतच नव्हतं. मजकूर हातात पडला की ‘लिहिलं’ म्हणून मोकळं व्हायचं. वीज गेली तेव्हा अकरा सेकंद मेमरीतच होते.”

“मग? बदल मास्तरांचा आहे.”

“हा बदल पाठवला त्या दिवशी सकाळीही एक बदल झाला होता. त्यात थांबायची ओळ आहे, वेग एकशे अडतीस. संध्याकाळच्या बदलात ओळ नाही. मास्तरांना स्क्रीन दिसत नाही. त्यांना कळणार ते तू वाचशील तेवढंच. तू ती ओळ काढलीस, आणि वाचताना ती आहे असं भासवलंस.”

दादानं दार लोटून घेतलं.

“वरच्यांना दोनशेच्या वरचा आकडा हवा होता,” तो पुटपुटला. “नाहीतर गटच बंद करणार होते. मास्तर, तुम्हालाही घरी बसवलं असतं. मी नंतर घालणार होतो ती ओळ...”

मास्तरांनी पिशवी बाजूला ठेवली.

“त्याच ओळीशी तू अडखळला होतास,” ते म्हणाले. “मला वाटलं, घसा.”

दादा खोलीबाहेर गेला. त्याची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत मास्तर कान देऊन होते.

“तू तरी वाच आता,” ते हळूच म्हणाले. “सकाळचं. मी सांगितलेलं.”

ताईनं खुर्ची ओढली. एकेक ओळ वाचत ती थांबायच्या ओळीपाशी आली आणि अडखळली.

मास्तरांनी चाचपत पेला तिच्यापुढे सरकवला.

“पाणी पी, पोरी.”