न चावलेल्या माणसाची बारी

श्रावणातली दुपार होती. सकाळी पाऊस पडून गेला होता, आणि जानेफळच्या काळ्या मातीतून ओल्या गवताचा, शेणाचा उबट वास येत होता. शालिग्राम आणि हबीब गावाबाहेर रंगरावांच्या गोठ्याकडे निघाले होते. काम साधं होतं. निदान शालिग्रामला तरी ते साधं वाटत होतं.

शालिग्राम याच गावचा. शाळा संपल्यावर नागपूरला गेला, तिथून कलकत्त्याला, आणि डॉक्टर होऊन परतला तो संशोधनाचा विषय सोबत घेऊनच. वऱ्हाडात साप चावला की माणसाला दवाखान्यात नेत नसत; बारीला बसवत. मातीच्या घागरीवर काशाची थाळी पालथी घालायची, ती वाजवत जाणत्यांनी गाणं म्हणायचं, आणि गाण्यातून त्या जनावरालाच विचारायचं, तू कोण, कुठल्या बांधाचा, का चावलास. घुमणारा रोगी जनावराच्या वतीने उत्तरं द्यायचा. जनावर 'सोडतो' म्हणालं की माणूस वाचला.

शालिग्रामचं म्हणणं असं, की वाचतात त्यांना मुळात विषारी साप चावलेलाच नसतो, आणि ज्यांना चावतो ते या घुमण्याच्या घोळात वेळ जाऊन मरतात. हे त्याला सिद्ध करायचं होतं. एकदा सिद्ध झालं की नागपूरच्या सरकारला गावोगावच्या दवाखान्यांत सापाची लस ठेवावीच लागेल. रात्र रात्र त्याला याच विचाराने झोप येत नसे.

आता फक्त एक गोष्ट राहिली होती. माणूस घुमतो तो विषाने की गाण्याने? हे ठरवायला एक न चावलेला माणूस हवा होता. कलकत्त्याला उंदरांवर तो हेच करत असे. अर्ध्यांना औषध द्यायचं, अर्ध्यांना नुसतं पाणी. तर न चावलेल्या माणसावर बारी लावायची आणि त्याची नाडी मोजायची.

हा न चावलेला माणूस म्हणजे हबीब. बांगडीवाल्यांचा, शाळेपासूनचा सोबती.

"मले घुमता नाई येत बे," हबीब चालता चालता म्हणाला.

"तुला काही करायचं नाही. बसून राहायचं."

"'करायचं नाही, राहायचं,'" हबीबने हुबेहूब त्याच्या आवाजात म्हटलं. शाळेत तो सगळ्या मास्तरांच्या नकला करी. "पुण्याच्या मास्तरासारखा बोलाले लागला. तुझ्या मायले तरी समजते का?"

गावात बारी लावणारे रंगराव गोठ्यात दोर वळत बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावरही त्यांचे हात थांबले नाहीत.

"बारी म्हंजे बोलावणं हाये, बाबू. चावून गेलेल्याले परत बोलावाचं. कोणी चावलंच नाई, तं बोलावू कोणाले?"

"कुणी येणारच नाही, काका. तेच तर पाहायचंय."

"अन् आलं तं?"

शालिग्राम तापला. गेल्या साली किसनरावांची लेक याच गोठ्यात, याच माणसासमोर गेली होती. "लस असती तर ती आज खेळत असती," तो म्हणाला. "तुम्ही आज नाही म्हणालात, तर पुढचं पोरही असंच जाईल."

रंगरावांचे हात थांबले. मग उठले आणि आपल्या दोघा सोबत्यांना हाका मारल्या.

"थाळी लागली का मधात कोणी उठाचं नाई," घागर मांडताना ते म्हणाले. "अन् बोलाचं ते मी बोलीन. तुम्ही तोंड उघडू नका."

हबीबला घोंगडीवर बसवलं. त्याच्या खांद्यांवरून लिंबाचा डहाळा फिरवला. थाळी वाजू लागली. आधी ती नुसती वाजत होती. हळूहळू तिचा आवाज बाहेरून येतोय की आपल्या दातांतून, ते कळेनासं झालं. शालिग्रामने हबीबचं मनगट धरलं होतं. नाडी चढत होती. त्याला आनंद झाला. हेच तर त्याने लिहून ठेवलं होतं, की न चावलेल्याचीही नाडी चढेल.

"कोन्या बांधाचा, कोन्या वारुळाचा... सांग बाप्पा सांग..."

मग नाडी उतरू लागली. उतरतच गेली. दोन ठोक्यांमध्ये माणसाने श्वास घेऊन सोडावा, इतकी मंद झाली. हबीब घुमत नव्हता. ताठ बसला होता, डोळे मिटून. दावणीच्या बैलांनी रवंथ थांबवला होता.

"कोन्या बांधाचा..."

हबीबचे ओठ हलले. आवाज हबीबचाच होता.

"मी कोणाले चावलो नाई."

थाळीचा ठेका चुकला, पुन्हा लागला. रंगरावांनी अगदी हळू विचारलं, "मंग काऊन आलास बाप्पा?"

"तुम्ही बोलावलं... चावाच्या आधी बोलावलं... असं कोणी बोलावत नसते." थोडा वेळ नुसती थाळी वाजत राहिली. "सांगा. कोणाले चावू?"

रंगरावांनी 'सोड' म्हणावं, तर त्या जनावराने काही धरलेलंच नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आणि शालिग्रामला हसू फुटलं. हबीबची नक्कल. याच्यासारखा नकल्या सगळ्या तालुक्यात नव्हता. प्रयोग बिघडला म्हणून त्याला थोडा रागही आला.

"सांगतो," तो म्हणाला. "मागाहून सांगतो."

रंगरावांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. ती नजर शालिग्राम पुढे कधी विसरला नाही.

"बरं," हबीब म्हणाला. "थांबतो."

आणि तो तिथेच घोंगडीवर कलंडून झोपी गेला.

नंतरच्या आठवड्यात हबीबची बायको शाहजादी शालिग्रामच्या ओसरीवर आली. डोक्यावरचा पदर तिने मुठीत घट्ट धरला होता.

"डाक्तरभाई, तुम्ही ह्यायले कायचा वादा करून ठेवला?"

"कसला वादा?"

"दिवे लागले का दाराकडे तोंड करून बसते हा माणूस. मी म्हनते, खाना खाओ. तं म्हनते, 'नाव आल्यावर.'"

शालिग्राम धावतच गेला. हबीबच्या गालांची हाडं वर आली होती. दिवसा तो ओळख देई, एखादा विनोदही करी, पण संध्याकाळ झाली की दाराकडे वळून बसे, आणि ओठांतल्या ओठांत कुणाला तरी विचारत राही, "कोणाले... कोणाले..." शालिग्रामने छाती तपासली, रक्त तपासलं. अकोल्याहून मोठे डॉक्टर बोलावले. रोग सापडला नाही. नाडी मात्र त्या दिवशी गोठ्यात होती तशीच होती, आणि दर संध्याकाळी अजून थोडी मंद होत होती.

शेवटी तो रंगरावांकडे गेला.

"नाव द्या लागीन," रंगराव म्हणाले. "तुम्ही सांगतो म्हनलं, ते आयकाले बसलं. हबीबशिवाय त्याले बसाले जागा नाई."

"कुणाचं नाव?"

"ते मले पुसू नका. मी बारी लावतो, माणसं नाई मारत." मग जरा वेळाने ते म्हणाले, "देसान तं पुरं देजा. नाव, मायचं नाव, गावाची शीव. आम्ही रोग्याचं असंच पुरं सांगतो. नाई तं उतारा भलत्यालेच लागते."

त्या रात्री शालिग्राम अंगणात येरझारा घालत राहिला. मनाचा आजार मनाच्याच औषधाने जातो, हे त्याला शिकवलेलं होतं. हबीबच्या मनाने घेतलंय की नाव हवं. नाव मिळालं की तो बरा होईल. इतकं सोपं होतं. मग कुणाचंही नाव का सुचत नव्हतं? मेलेल्या माणसाचं द्यावं, असंही मनात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. उजाडता उजाडता त्याचं ठरलं. चूक आपली, तर नावही आपलंच.

पोळ्याची कर होती. बैलांच्या शिंगांवर आदल्या दिवशीचा रंग तसाच होता. सकाळी आईने, सत्यभामाबाईंनी, त्याला शिळी पुरणपोळी दुधात कुस्करून दिली होती. "लहानपनी अशीच खात होता तू," म्हणत ती समोर बसून राहिली होती.

हबीबला दोघांनी धरून घोंगडीवर बसवलं. थाळी लागली. या खेपेला गाणं म्हणावंच लागलं नाही.

"आलास," हबीब म्हणाला. "सांग."

"शालिग्राम."

"मायचं?"

शालिग्रामने तोंड उघडलं. त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे, त्या वाट पाहणाऱ्या तोंडापुढे आईचं नाव काढायचं? ते याच्या हाती द्यायचं? समोरून रंगराव हाताने खुणावत होते, सांगा, पुरं सांगा. त्याच्या जिभेला ते नाव उचलेना.

"एवढंच," तो म्हणाला.

"एवढंच?..." हबीबचा चेहरा सैल झाला. किती दिवसांनी तो हसत होता. "लय झालं."

थाळी आपोआप थांबली. हबीबने डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिलं, आणि पाणी मागितलं. "काय बे," तो म्हणाला, "झाला का तुझा प्रयोग?"

हबीब चार दिवसांत उठून बाजारात बसू लागला. शालिग्राम मात्र वाट पाहू लागला. नागपूरहून त्याने लस मागवून घेतली, ती उशाशी ठेवली. जोडे झटकल्याशिवाय तो घालत नसे, अंथरूण काठीने चाचपल्याशिवाय झोपत नसे. काही झालं नाही.

भाद्रपदात मेहकरच्या वाटेने एक बैलगाडी भरधाव आली. गाडीत एक तरणा शेतकरी होता. गवत कापताना अंगठ्याला चावलं होतं. त्याला बारीला न नेता थेट शालिग्रामच्या दवाखान्यात आणलं होतं. याच क्षणासाठी शालिग्राम कलकत्त्याहून परतला होता. त्याने स्वतःसाठी ठेवलेली लस त्याला टोचली. वेळेत टोचली. तरी दिवस मावळायच्या आत तो गेला.

"नाव काय यांचं?" शालिग्रामने विचारलं.

शेतकऱ्याच्या सोबत आलेल्या बायकोने मान हलवली. नवऱ्याचं नाव ती तेव्हाही घेईना. तिने भावाकडे पाहिलं.

"शालिग्राम," भाऊ म्हणाला.

दसऱ्याच्या सुमाराला लोणारकडून साप चावलेला एक म्हातारा आणला, तो वाटेतच संपला होता. त्याचं नाव शालिग्रामने विचारलं नाही. रंगरावांनी विचारलं होतं. ते दारात येऊन नुसते उभे राहिले, आणि शालिग्रामला कळलं. या मुलखात ते नाव चिक्कार. प्रत्येक खेड्यात एखादा तरी असायचाच.

"पुन्हा बारी लावा," तो म्हणाला. "मी पुरं सांगतो. आईचं नाव, शीव, सगळं."

रंगरावांनी तीनदा घागर मांडली. हबीब आपणहून येऊन बसला. थाळी वाजत राहिली, हबीबच्या पाठीला घाम आला, बैल निवांत रवंथ करत राहिले. कोणी आलं नाही.

"त्याले आता बोलावणं लागत नाई," रंगराव थाळी उचलत म्हणाले. "काम भेटलं त्याले."

कार्तिकात एका सकाळी अन्नपूर्णाबाई ओसरीवर आली. अडलेल्या बाळंतपणातून शालिग्रामने तिला आणि मुलाला वाचवलं होतं. नव्या लुगड्यात, काजळ घालून, दुपट्यात गुंडाळलेलं मूल घेऊन ती पायरीवर टेकली. काल बारसं झालं, म्हणाली. शालिग्रामने पेढा घेतला. नाव काय ठेवलं, ते त्याने विचारलं नाही.

"म्या तं दुसरंच ठरवलं होतं, डाक्तरबाबू," तीच सांगू लागली. "गोविंदा म्हनाचं, साऱ्यायले सांगून ठेवलं होतं. आत्या पाळण्यात वाकली, कानात कुर्र केलं, अन् तिच्या तोंडून तुमचंच नाव निघालं. कसं निघालं, तिचं तिलेच समजलं नाई." ती हसली. "म्हनलं, राहू द्या. देवमाणसाचं नाव हाये. अन् गंमत पाहा, आमच्या जावेच्या माहेरी परवा बारसं झालं, तिथंही असंच झालं म्हनते. अन् त्यायच्या शेजारीही."

तिने मूल पुढे केलं.

"घ्या नं. नावानं हाक मारा याले एकडाव, तुमच्या तोंडून."