उर्वरित जग

सकाळी लॅपटॉप सुरू करून कपाळावरची, झोपेतही न काढायची पट्टी त्याच्याशी जोडली, की मुग्धाला कालचा दिवस परत मिळे. घाटातल्या अपघातात तिच्या मेंदूची नवं साठवण्याची शक्ती गेली होती. ते काम आता हा ‘स्मृतिसंच’ करी. दिवसभराचं टिपून घ्यायचं, जुन्या आठवणींशी सांधायचं आणि मेंदूला पुरवायचं. मिरजेत असे संच आता गल्लोगल्ली दिसत. मुग्धा पुन्हा शिकवण्या घेऊ लागली, हसू लागली.

एके दिवशी तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. “हृषी, ही मुलगी कोण रे? गोड आहे.”

ती ईरा होती. त्यांची मुलगी. त्याच अपघातात गेलेली.

हृषीकेश तडक संच बसवणाऱ्या डॉ. तस्नीम काझींकडे गेला.

“जागा भरत आली, की संच निवड करतो,” त्या म्हणाल्या. “ज्या माणसाशी आता संबंध येत नाही, त्याच्या आठवणींशी जोडणारे दुवे पुसून तो त्यांची वाटच अडवतो. गेलेली माणसं त्यात पहिली.”

“मग जागा वाढवा. नाहीतर तो नियम बदला.”

“कंपनीच्या सगळ्यात मोठ्या बाजारपेठेतला, परदेशातला ग्राहक हे सगळं निवडून घेतो. जागा किती, कुणाला कधीच विसरायचं नाही, सगळं. आपल्याकडे एकच मॉडेल येतं, ‘उर्वरित जग’. जागा सगळ्यात कमी, आणि नियम आत सीलबंद.”

“तिकडून मागवला तर?”

“इथे तो चालूच होत नाही. पट्टी काढलीत तर त्यांना ईरा आठवेल. ती आठवण मेंदूतच आहे. पण अपघातानंतरचं सगळं जाईल. ईरा गेल्याचंसुद्धा.”

पट्टी काढायची नाही, असं हृषीकेशनं ठरवलं. मुग्धा सुखात होती. पण ईराविषयी बोलायला घरात कुणीच उरलं नाही. एका संध्याकाळी न राहवून त्यानं मुग्धाच्या मागे उभं राहून तिच्या मानेवरचा पट्टीचा चाप सोडवला.

मुग्धानं घड्याळाकडे पाहिलं. “ईरा अजून क्लासहून आली नाही? फोन लाव ना तिला.”

ते नाव तिच्या तोंडून ऐकून त्याला भरून आलं. त्यानं तिचा हात धरला आणि सांगितलं. ती किंचाळली, त्याच्या छातीवर डोकं आपटत रडली. तोही रडला, स्मशानातसुद्धा रडला नव्हता इतका. मग त्यानं पट्टी लावली.

“डोळे का चुरचुरतायत रे?” गाल पुसत तिनं विचारलं, आणि मुलांचे पेपर तपासायला बसली.

हृषीकेशला मात्र कितीतरी हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो पुन्हा तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

“मुग्धा,” तो हळूच म्हणाला, “जरा मान खाली कर.”