ढालीची मानाची बाजू

"ओ मॅडम... अहो, बाजूला व्हा!"

मोनाली एवढी दचकली की हातातलं लेमनेड निम्मं सांडलं. व्हर्जिनियातल्या त्या कुरणावर, स्कॉटिश लोकांच्या वार्षिक जत्रेत, कुणी आपल्याला मराठीत हटकेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. अर्थात ती स्वतः मोबाइलवर रूममेटशी तारस्वरात मराठीत भांडत होती, म्हणून तो हटकू शकला. समोर चौकड्यांचा, घागऱ्यासारखा किल्ट घातलेला, लोकरी मोजे ओढलेला आणि पोटावर भलामोठा ढोल बांधलेला आपल्यातलाच एक मुलगा! त्याच्यामागे अख्खा पाइप बँड खोळंबला होता.

"तुम्ही... मराठी?"

"पुण्याचा. आधी वाजवून येतो, मग लाजतो," असं म्हणून तो पुढे सरकलासुद्धा.

लाजायला तो खरंच आला. तोवर मोनाली एका तंबूत रमली होती. ती जवळच्याच हर्नडन गावात ग्राफिक डिझायनर, त्यामुळे रंग दिसले की तिचे पाय आपोआप वळायचे. तंबूत रंगीत ढालींची चित्रं मांडून ह्यू नावाचे सत्तरीतले गृहस्थ बसले होते. स्कॉटलंडमध्ये माणसाला स्वतःची अशी ढाल, म्हणजे मानचिन्ह, कशी मिळते हे ते येईल त्याला समजावत. मुलगा आत शिरला आणि त्यांची नजर त्याच्या ढोलावर गेली. म्हातारा भडकला.

"शंतनू! हे चित्र कुणी चिकटवलं?"

"मीच. आपल्या बँडच्या क्लॅनचं आहे ना?"

"क्लॅनचं नाही. ते एकट्या प्रमुखाचं आहे. काढ आधी!"

बिचाऱ्या शंतनूला वाटलं होतं, घराणं एक की निशाणी एक. तशी आपल्याकडची रीत. ह्यूंनी त्याची हजेरी घेतली. ढाल आडनावाची नसते, एका माणसाची असते. बाप जिवंत असताना थोरल्या मुलालासुद्धा त्यावर वेगळी खूण करावी लागते. धाकट्यांनी त्यात आपला फरक करून एडिनबरामध्ये लॉर्ड लायन नावाच्या अधिकाऱ्याकडे नव्याने नोंद करून घ्यायची. शंतनू कानापर्यंत लाल होऊन नखाने स्टिकर खरवडत होता.

"म्हणजे नुसत्या आडनावावर काहीच मिळत नाही?" मोनालीने विचारलं.

"काहीही नाही," ह्यू म्हणाले.

मोनालीला फार बरं वाटलं. ती नागपूरची, मोनाली गजभिये. शाळेपासून तिचं नाव कुणी नीट ऐकून घेतलं नव्हतं, "पुढे काय?" हाच पहिला प्रश्न. आडनाव सांगितलं की काहींचे चेहरे कसे बदलतात, ते तिला तोंडपाठ होतं.

ह्यूंची स्वतःची ढाल नोंदलेली होती, पण चित्र जुनं होऊन विटलं होतं. नोंद असते ती शब्दांची, त्या वर्णनाला धरून कुठल्याही चित्रकाराने आपल्या हाताने नवं चित्र काढावं, असं ते म्हणाले. "मी काढू?" मोनाली म्हणाली. झालं! दर शनिवारी ती ह्यूंच्या घरी रंग घेऊन बसू लागली. आणि दर शनिवारी शंतनूला तिथेच ढोलाची प्रॅक्टिस करायची हुक्की येऊ लागली.

"तुझा ढोल वाजत का नाही रे?"

"वाजतोय की. तुला छातीतला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

"चल... फेकू!" तिचा ब्रश मात्र रेषेबाहेर गेला.

एका पावसाळी दुपारी ह्यूंनी त्यांना लग्नानंतरची ढाल दाखवली. मधोमध उभी रेघ, एका बाजूला त्याचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तिचं. कुणाचंच पुसायचं नाही. "मात्र उजवी बाजू मानाची, ती नवऱ्याची," ते म्हणाले. "आणि उजवी म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याला ती डावीकडे दिसते." शंतनू चित्राकडे बघतच नव्हता. तो मोनालीकडे बघत होता, आणि तिला ते आवडत होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुण्याहून आई. तो खिडकीशी गेला, पण खोली ती केवढी!

"हो आई... डिझायनर आहे. नागपूरची... आडनाव? हॅलो? आवाज येत नाहीये गं... नंतर करतो."

मोनालीने ब्रश धुतला.

"आवाज मला इथवर येत होता, शंतनू."

"अगं, एकदम नको ना. आधी तिला तू आवडशील, मग..."

"मग हळूच सांगशील? गोड खाऊ घालून कडू औषध देतात तसं? मी औषध नाहीये." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "तू मला आवडतोस. खूप. पण माझं नाव अर्धं सांगणाऱ्याबरोबर मी राहणार नाही."

तिने एक नवा कागद ओढला. ढाल आखली, मधोमध रेघ मारली. एका बाजूला निळ्या रंगावर पांढरंशुभ्र पिंपळपान काढलं. दुसरी बाजू कोरी ठेवली आणि कागद त्याच्यासमोर सरकवला.

"माझी बाजू पूर्ण आहे. तुझी भरता येईल तेव्हा ये. नाही आलास तरी माझी पूर्णच आहे."

त्यानंतर शनिवार आले नि गेले. ढोल वाजला नाही. मोनालीने ह्यूंची ढाल पुरी केली, त्यातल्या सोनेरी सिंहाची आयाळ दोनदा पुसून तिसऱ्यांदा काढली. फोन कितीदा हातात घेऊन खाली ठेवला. स्वतःहून एकदाही लावला नाही.

पानं लाल झाली तेव्हा बँडचा शरदातला कार्यक्रम होता. ती ह्यूंच्या तंबूत चित्र टांगत होती.

"ओ मॅडम... बाजूला नका होऊ."

शंतनू उभा होता. किल्ट चुरगळलेला, हातात तोच कागद.

"आईला सांगितलं. मोनाली गजभिये. बौद्ध आहे, हेही. तिने फोन ठेवला. मी परत केला, तिने परत ठेवला. आता बाबा बोलतात, ती नाही बोलत... कदाचित नाहीच बोलणार गं. पण लग्न तुझ्याशीच करणार, हेसुद्धा सांगून मोकळा झालोय. तुझी हरकत नसेल तर."

मोनालीला रडावं की हसावं ते कळेना. तिने दोन्ही केलं.

"तुझ्या बाजूला काय काढू?"

"ढोल. लाल. स्टिकर नको."

तिथेच तंबूत बसून तिने पांढऱ्यावर लाल ढोल रंगवला. ह्यूंनी चष्मा पुसून चित्र हातात घेतलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मोनाली, हे उलटं झालंय. मानाच्या बाजूला तुझं पान आलंय."

"ठाऊक आहे मला. त्या दिवशीच ठरवून काढलं होतं."

"एडिनबरामध्ये हे चालणार नाही."

मोनालीने शंतनूकडे पाहिलं. त्याने कागद घेतला, नीट न्याहाळला आणि ढोलावर, जिथून स्टिकर खरवडला होता बरोब्बर तिथे, धरून पाहिला.

"हर्नडनमध्ये चालेल," तो म्हणाला.