उष्टा घास

त्या काळी कुणाचीच दाढ किडत नसे. बाळाला पहिला दात फुटला, की आरोग्य केंद्रातली ताई त्यावर निरुपद्रवी जंतूंचा थेंब फिरवी. लोक त्याला ‘दंतबाळकडू’ म्हणत. हे जंतू आधी जागा धरत. मग किडीच्या जंतूंना बसायला जागाच उरत नसे. अट एकच: ते रुजेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, बाळाला कुणी आपलं उष्टं भरवायचं नाही. तसा कायदाच होता.

जुना किडीचा जंतू कुठे उरलाय का, हे शोधणं हा दंतवैद्यक शिकणाऱ्या सुमेधाचा प्रकल्प होता. तिच्या मार्गदर्शक घाटगेबाईंचा शिरस्ता असा, की नमुन्यासाठी दुसऱ्याच्या तोंडात कापसाचा बोळा घालण्याआधी विद्यार्थ्याने स्वतःचं तोंड तपासायचं.

सुमेधाने आपल्या दाढांवरून फिरवलेला बोळा यंत्रात ठेवला. पडद्यावर तांबडी रेघ उमटली.

“मॅडम, यंत्र बिघडलंय. माझ्याच तोंडात कीड दाखवतंय!”

“आ कर बघू.” बाईंनी आरसा आत घातला. “शेवटच्या दाढेत तिळाएवढं काळं आहे. पेढे कमी खा गं!”

मग त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

“हे बघ, हा जंतू भरवणाऱ्याच्या लाळेतून येतो. घराघरातला वेगळा असतो, म्हणून आपण त्याला ‘मुखवंश’ म्हणतो. तुझा जुळतोय तुझ्या आईशी. गरोदरपणी घेतलेला तिचा नमुना आपल्याकडे आहे.”

“जन्मतानाच आला असेल. माझ्या जन्माच्या वेळीच तर आई गेली.”

“नाही, बाळ. त्याला घर करायला दात लागतो.”

सुमेधा खुर्चीत बसली. तिला दात फुटले तेव्हा आई होती.

घरी बाबा मटार सोलत होते.

“बाबा, आई खरं कधी गेली?”

“सांगितलंय ना, तुझ्या जन्माच्या...”

“मला दात आल्यावर तिनं भरवलंय. माझ्या दाढेत दिसतंय ते.”

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“तू काही खायची नाहीस. ती भाकरी चावून मऊ करायची, घास तुझ्या तोंडात घालायची. म्हणायची, माझ्या आईनं मला असंच वाढवलं. मी ओरडायचो, विष भरवतेस पोरीला! ऐकेना. मग मीच केंद्रात कळवलं. वाटलं, समज देऊन सोडतील.”

“आणि?”

“आरोग्यगृहात नेऊन डांबलं. तुला भेटायची बंदी. तिथंच तापानं गेली.” ते खाली मान घालून म्हणाले, “तुझे दात वाचावेत म्हणून गं.”

दुसऱ्या दिवशी घाटगेबाई औषधाची बाटली घेऊन तयार होत्या.

“एक थेंब पुरे. हा जंतू कायमचा जाईल. नाहीतर दाढ जाईल, मग शेजारची.”

“आईच्या नमुन्यातले जंतू जिवंत आहेत, मॅडम?”

“छे! ते केव्हाच मेले. उरली ती नोंद.”

“मग जिवंत आहेत ते माझ्या तोंडातले एवढेच?”

बाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्या हळूच म्हणाल्या, “आ कर, सुमेधा.”

सुमेधाने ओठ घट्ट मिटून घेतले.