या घरचे जे कोणी असतील

अक्षय तृतीयेच्या सकाळी रितिका करा-केळी आणायला बाहेर पडली, तेव्हाच स्कूटीची सीट चटके देत होती. नागपूरचं ऊन, त्याला ना भीड ना मुर्वत. कुंभाराकडं बायांची झुंबड उडाली होती. आपल्याकडं या दिवशी पितरांना पाणी द्यायचं असतं. बाप्यांसाठी करा, बायांसाठी केळी, अशी मातीची दोन भांडी. त्यात वाळा घालून गार पाणी भरायचं, गेलेल्यांची नावं घ्यायची, आमरस-पोळीचं पान वाढायचं. एवढ्या उन्हाळ्यात जित्या माणसाचा घसा वाळतो, तर मेलेल्यांचे काय हाल, असा साधासुधा विचार. रितिकानं भांडी बोटानं वाजवून घेतली, आंबे घेतले आणि महाल भागातल्या आपल्या गल्लीत शिरली.

गल्लीच्या तोंडाशी आली की ती अजूनही स्कूटी हळू करायची. स्वतःचंच घर पाहायला! पाडव्याला तर ते मनीषनगरचा फ्लॅट सोडून इथं आले होते. गल्लीतली बाकीची घरं जुन्या चालीची, आणि मध्येच हा प्लॉट कित्येक वर्षं बाभळी माजून पडलेला. दुर्गेशचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, सदरला कूलर-पंख्यांचं दुकान. त्यानं प्लॉट घेतला तो काचेचा बंगला बांधायला. रितिका अडून बसली. "सगळे धोतर नेसून पंगतीले बसले आन आपणच सूट घालून, असं दिसन ते," असं तिनं त्याला साफ सांगितलं.

मग तिची मैत्रीण दामिनी, ती आर्किटेक्ट, तिनं गल्लीला शोभेल असं घर काढलं. सागवानी खांब, दगडी पायऱ्या, रुंद ओसरी, वर उतरती कौलं. सगळं नवंकोरं, पण दिसायला जुनं. शेजारच्या शोभाताई रोज पदर डोक्यावर घेऊन बांधकामापाशी उभ्या राहत. "पहिले इथं घर होतं ना, त्याची खिडकी अशी नव्हती. जरा इकडं घ्या. पायरी ठेंगणी करा." दामिनीलाही ते आवडायचं, ती तसं तसं करत गेली. शेवटी ओसरीसकट पुढचा सगळा भाग उभा राहिला तेव्हा गल्लीतले म्हातारे जाता जाता थांबले. शोभाताई म्हणाल्या, "माय वं! जसं काही ते घर कुठं गेलंच नव्हतं." रितिका दिवसभर खुशीत होती. ओसरी ओलांडून आत गेलं की मात्र सगळं आजच्या पद्धतीचं. मोठा हॉल, सरकत्या काचा, मोकळं स्वयंपाकघर. आतलं काही शोभाताईंना विचारलं नव्हतं.

तर त्या दुपारी ओसरीत करा-केळी भरून ठेवली, पाट मांडले, पत्रावळी वाढल्या, गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडलं, आणि दुर्गेश अडला.

"बाबांचं नाव घेतलं. चंपतराव. आता त्यांच्या बापाचं काय होतं वं?"

"मले काय विचारता? तुमचे आजोबा ते!"

पण चंपतरावांनी तरणेपणीच भावांशी भांडून खापा सोडलं होतं, ते पुन्हा त्या गावाचं नाव काढलं नाही. मुलाला आज्याचं नाव सांगायची वेळच आणली नाही. दुर्गेशनं खाप्याच्या चुलत्याला फोन लावला. लग्नाचे दिवस, तो कुठल्या तरी वरातीत असेल, उचलेना. इकडं भूमिका, त्यांची एकुलती एक लेक, दुसरीत जाणारी, पाटावर बसून पाय हलवत होती. "पप्पा, भूक लागली नं."

"चालते सगळं," दुर्गेश म्हणाला. त्यानं हातावर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "या घरचे जे कोणी असतील, त्यांनी यावं, जेवावं, पाणी घ्यावं."

रितिकाला ते जरा खटकलं. पण पोर भुकेली होती, आमरस तापत होता, आणि चांगल्या शब्दांत वाईट काय असणार? तिनंच मग आपल्या हातानं पानावर रस वाढला.

जेवणं झाली आणि घर आडवं झालं. वैशाखातली दुपार तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळ्या गल्लीची दारं लोटलेली, आत कूलरची घरघर. भूमिका आतल्या खोलीत आईच्या कुशीत झोपली, दुर्गेश हॉलमध्ये सोफ्यावर घोरायला लागला. रितिकाचा डोळा लागला न लागला तोच लाइट गेली.

कूलर थांबला की जी शांतता होते ती कानात भरते. रितिका तशीच पडून राहिली. ओसरीत कोणी तरी पाणी पीत होतं. वरून, घटाघटा, मध्ये न थांबता... मग ओल्या मातीच्या भांड्याचा वास आला. पाणी संपलं की आतून येतो ना, तसा.

मांजर असेल, तिनं स्वतःला समजावलं. मांजर असं पीत नाही, हे तिलाही कळत होतं.

मग पायांचा आवाज. अनवाणी पाय, आणि फरशीवर जोडव्यांचं टिक, टिक. मागून एक जड पाऊल. घाई नाही, बिचकणं नाही. आपल्या घरात माणूस जसा डोळे मिटून फिरतो तसे ते पाय ओसरीवरून चालत आले. उंबरा ओलांडला. आणि हॉलमध्ये येऊन थबकले.

बाहेर आता बांगड्या भिंतीला घासत होत्या. कोणी तरी हातानं भिंत चाचपत होतं. इकडून तिकडं, पुन्हा इकडं... दार होतं इथं, गेलं कुठं, अशी चाचपणी.

तिनं कुशीतल्या पोरीला घट्ट धरायला हात नेला. अंथरूण रिकामं होतं.

"आजी, तिथं दार नाही आहे," भूमिकाचा आवाज आला, खोलीच्या दारातून, अगदी हळू. "इकडून ये नं."

रितिका कशी उठली, कशी धावली, देव जाणे. तिनं पोरीला मागं खेचलं. एवढ्या उन्हाळ्यात लेकराचा हात गार पडला होता, केळीतल्या पाण्यासारखा. हॉल रिकामा. दुर्गेश सोफ्यावर उठून बसलेला, चेहरा पांढराफटक. त्यानंही ऐकलं होतं.

"कोणाशी बोलून राहिली तू?" रितिकानं विचारलं.

"आजीशी. ती विचारते, माजघर कुठं गेलं." भूमिका हॉलमधल्या कोपऱ्याकडं बघत होती. "ती म्हणते, मी तिची आहे."

घर गेलं खड्ड्यात! पोर वाचली पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. तिनं भूमिकाला उचललं आणि दाराकडं धावली. पण उंबऱ्यापाशी येताच भूमिकानं चौकट दोन्ही हातांनी धरली. एवढीशी पोर, पण आई-बाप दोघांना तिची बोटं सोडवता येईनात.

"उन्हात नको नेऊ. आजी नाही म्हणते... उन्हात नको..."

रितिकानं तिथूनच हाक मारली. "ताई! शोभाताई! धावा हो!"

शोभाताई आल्या त्या अनवाणीच. ओसरीच्या पायरीशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी आधी करा-केळीत वाकून पाहिलं. दोन्ही कोरडी ठणठणीत.

"नावं घेतली होती का गा पाणी देताना?" त्यांनी दुर्गेशला विचारलं.

"माहीत नव्हते ताई. मी म्हटलं... या घरचे जे कोणी असतील..."

"अरे बाप्पा!" शोभाताई मटकन पायरीवर बसल्या. "या घरचे? तुम्हाले येऊन जेमतेम महिना झाला, राजा! या घरचे म्हणजे तुम्ही नाही. या घरचे म्हणजे देवराव आन प्रयागबाई. त्याइच्या मागं कोणी उरलं नाही. कोणी कधी पाण्याचा थेंब दिला नाही. आन तुम्ही त्याइचंच घर बांधून त्याइलेच आवतण दिलं."

"तुम्ही काहून नाही सांगितलं आधी?" रितिका ओरडली. "रोज उभ्या राहून खिडक्या सरकवत होत्या तेव्हा जीभ कुठं गेली होती?"

शोभाताईंनी मान खाली घातली. "ते घर मले पुन्हा पाहायचं होतं वं. मी लग्न होऊन आली तर त्याच ओसरीत मले पहिला चहा भेटला होता. मले काय मालूम, असं होईन म्हणून."

रितिकानं दुर्गेशकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जो राग होता तो मी सांगत नाही. बिननावाचं निमंत्रण देतं का कोणी? रस्त्यावरच्या फकिरालाही आपण विचारतो, बाबा, कुठला तू म्हणून.

शोभाताई सावरल्या. "घाबरू नका. बोलावलेल्याले हाकलता येत नाही, पण निरोप देता येते. दिवेलागणीच्या आत द्या लागते. जिनं वाढलं तिनंच उंबऱ्याबाहेर पाणी सोडायचं, नाव घेऊन."

ऊन कौलांवरून उतरायला लागलं होतं. रितिका तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. भूमिकानं चौकट सोडली आणि आईची ओढणी मुठीत धरली. मागं, हॉलच्या मधोमध, जोडव्यांची टिकटिक थांबली होती. कोणी तरी उभं राहून ऐकत होतं.

"देवरावबाबा, जेवलात, पाणी प्यालात. आता आपल्या ठिकाणी जा." तिनं पाण्याची धार सोडली. जड पावलं तिच्या अंगाजवळून गेली, पायऱ्या उतरली. गार वारा लागल्यासारखं झालं. दुर्गेशनं खांबाचा आधार घेतला.

"प्रयागबाई, जेवलात, पाणी प्यालात. आता आपल्या ठिकाणी जा."

धार पडली. पण कोणी हललं नाही.

"प्रयागबाई... जा ना हो..."

"ती अशी नाही जाणार," शोभाताई कुजबुजल्या. "तिले एक पोरगी होती. एवढीच, आपल्या भूमीएवढी. दुपारची खेळाले गेली आन ऊन लागून गेली. मी लग्न करून यायच्या आधीचं आहे हे. त्या पोरीशिवाय प्रयागबाई कुठं पाऊल टाकत नव्हती, पोर गेल्यावर बी तिच्या फ्रॉकची घडी संग घेऊन फिरे."

"मग तिलाही निरोप देते. नाव सांगा तिचं!"

"कोणालेच मालूम नाही वं. प्रयागबाईनं ते नाव घरात घेऊच दिलं नाही. लेकीचं नाव तिच्यासंगच गेलं."

गल्लीत सावल्या लांबल्या. समोरच्या देवळात कोणी तरी दिव्याची वात सारखी करत होतं. वेळ हातातून सुटत चालला होता. ओढणीवरची लहान मूठ थरथरायला लागली, आणि रितिकाच्या मागं, अगदी मानेशी, बांगड्या किणकिणल्या.

रितिकाचा धीर सुटला. तिनं तांब्या पालथा केला. "प्रयागबाई, पाया पडते तुमच्या! तुमच्या पोरीलेबी संग घेऊन जा, पण जा आता!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग जोडवी वाजली. टिक, टिक, उंबरा ओलांडून, पायऱ्या उतरून, गल्लीतून दूर. भूमिकाचं अंग एकदा शहारलं, ओढणी तिच्या हातातून सुटली, आणि मग तिनं ती पुन्हा धरली. तेवढ्यात लाइट आली. आत कूलर घरघरला. शोभाताईंनी तोंडावर हात ठेवला आणि रडायलाच लागल्या.

"गेली वं माय. गेली. सुटली बिचारी."

दुर्गेशनं ओसरीत दिवा लावला. शोभाताई चहा पिऊन गेल्या. रात्रीचं जेवण तिघांनी हॉलमध्येच, जमिनीवर बसून केलं. दुर्गेश उगाच काहीबाही बोलत होता. उद्याच घराला कुलूप लावू, मनीषनगरला परत जाऊ, आणि तिकडं भाड्यानं दिलेला फ्लॅट रिकामा करून घेऊ म्हणत होता. पोर नीट जेवत होती, वाटी बोटानं चाटूनपुसून. तिचा हात आता गार नव्हता. रितिकानं दहादा धरून पाहिला होता. त्या दुपारनंतर पहिल्यांदा रितिकाला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"भूमिका, हळू जेव बाळा," ती म्हणाली.

पोरीनं मान वर केली नाही.

"भूमी? अगं, तुझ्याशी बोलून राहिली मी."

पोरीनं आजूबाजूला पाहिलं, कोणाला हाक मारली ते बघायला. मग ती रितिकाकडं वळली. परक्या घरी जेवायला बसलेली मुलं बघतात ना, तशी, जपून.

"काकू, ती तर गेली नं आईसंग," ती म्हणाली. "तुम्हीच म्हटलं घेऊन जा म्हणून. आईले सांजेचं नीट दिसत नाही, मी समजून तिलेच नेलं." मग थोडी लाजली, आणि रिकामी वाटी पुढं केली. "मले आणखी रस द्याल का?"