झोळीत काय होतं

"कॅमेऱ्यासमोर उभी राहा आणि सांग, ताई, की झोळीत सुरुंगाच्या कांड्या होत्या! विरोधकांनी पैसे चारले म्हणून नेल्या, चुकले, देशाने माफ करावं... एवढंच!"

रेनेने दारातूनच हे सुनावलं आणि मक्याचं गरम जांभळं पेय, आपी, ढवळणाऱ्या सातुर्निनाने पळी खाली ठेवली. आई गेल्यावर याच भावासाठी तिने ठरलेलं लग्न मोडलं होतं, राजधानीच्या माथ्यावरच्या एल आल्तोच्या बोचऱ्या थंडीत बाजारात आपी विकून त्याला शिकवलं होतं. आणि आज तो देशातल्या सर्वांत मोठ्या वाहिनीचा आवाज होता... सरकारच्या बाजूचा आवाज!

निवडणुकीच्या निकालावरून राजधानी पेटली होती. गेल्या आठवड्यात बाजाराच्या गल्लीत पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तेव्हा पाठीवर आग्वायोची, म्हणजे हातविणीच्या रंगीत कापडाची झोळी सावरत सातुर्निना धावत सुटली. ते कुणीतरी लांबून टिपलं. रेनेच्या वाहिनीने तिला दहशतवादी ठरवलं, विरोधकांच्या वाहिनीने रणरागिणी! ते लोक हार घेऊन आले, तेव्हा तिने दार लावून घेतलं. इकडे जिच्याशी जन्माचा घरोबा, ती शेजारची पेत्रोना तिच्या पातेल्यात थुंकली.

"आमची पोरं उडवायला निघाली होतीस, सटवे? तुझ्या हातचं कोण पिणार गं आता?"

सातुर्निनाने पातेलं गटारात ओतलं होतं. एका वाक्यात तिचा कलंक धुऊन निघाला असता... पण त्याच वाक्याने रेने कायमचा बुडाला असता.

"मी असं बोलले, तर पोलीस धरतील ना रे मला?" तिने आता रेनेला विचारलं.

"वकील देईन मी. वाहिनीच्या साहेबांनी बजावलंय, बहिणीला आण, नाहीतर चालता हो. आईने विणलेली झोळी ती, सगळ्यांनी ओळखली! किती दिले गं त्यांनी? माझ्याकडे मागायचे होतेस! तोंडाला काळं फासलंस माझ्या!"

"कांड्या तू बघितल्यास?"

"लिहून देतात ते मी वाचतो. माझं काम आहे ते."

सातुर्निनाने चूल विझवली. "चल, येते. पोरीला तेवढं वाटेत तिच्या आईकडे सोडू."

कोपऱ्यात रेनेची मुलगी वायरा निजली होती. अजून पाऊलही न टाकणारी ती पोर, आईबाप कामावर गेले की आत्याच्याच पाठीवर असायची. सातुर्निना वाकली, पोरीला झोळीत घेऊन झोका देत पाठीवर टाकलं, छातीशी गाठ मारली आणि डावा हात मागे नेऊन खालून अलगद आधार दिला.

रेने बघतच राहिला. तीच वाकलेली कंबर, तोच मागे गेलेला हात... हे दृश्य त्याने देशाला दिवसरात्र दाखवलं होतं! पण सामान नेणारी बाई दोन्ही हातांनी गाठ धरते. हात असा मागे जातो तो फक्त लेकरासाठी... त्याच पाठीवर तो स्वतः वाढला होता!

"ताई... त्या दिवशी झोळीत..."

"धूर घरात शिरला होता, बाळा. तिला श्वास घेता येईना."

रेने चुलीपाशी बसला. "मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस?" इतक्या दिवसांचा दाबलेला हुंदका आता संताप होऊन बाहेर पडला. "एकाने शिव्या घातल्या, एकाने हार आणले! बाई, झोळीत काय आहे, एवढं कुणाला विचारावंसं वाटलं नाही. माझ्या रेनेलाही नाही...!"

तो उठला आणि एकटाच निघून गेला.

संध्याकाळी बाजारातल्या टीव्हीवर त्याचा चेहरा उमटला. "त्या झोळीत माझी मुलगी होती. ती बाई माझी बहीण. मी खोटं..." पडदा काळा झाला आणि साबणाची जाहिरात लागली.

"ही पण विरोधकांचीच थाप!" पेत्रोना फणकारली.

अंधार पडताना रेने चढ चढून बाजारात आला. नोकरी गेली होती. सातुर्निनाने त्याच्याकडे पाहिलं, पण ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. छातीवरची गाठ सोडत ती एवढंच म्हणाली, "पाठ कर इकडे."

तिने वायराला त्याच्या पाठीवर बांधलं. सूटवाल्याच्या पाठीवर झोळी! अख्खा बाजार खो खो हसला.

"वाक जरा. हात मागे ने... हं, असा."

रेने वाकला. मानेवर लेकीचा ऊबदार श्वास येत होता... सावकाश, विनाअडथळा! त्याने डोळे मिटले आणि हात तसाच धरून ठेवला.