उजवी पाकळी

लोहगडवाडीच्या टपरीवर थांबून स्वराजला मिळण्यासारखं होतं ते एक ग्लास लिंबू सरबत. तेवढं पिऊन तो निघाला असता, तर जन्म सुखात गेला असता. पण लिंबांच्या टोपलीआड तलाठी भरतीचं पुस्तक दिसलं, आणि कामशेतच्या क्लासात गणित शिकवणाऱ्याचा पाय तिथंच अडकला.

“संभाव्यतेवर अडलीस?”

“पिशवीतल्या चेंडूंवर, सर,” टपरीवरची सुषमा म्हणाली. “काढतात कशाला, परत ठेवतात कशाला!”

त्यानं एक लिंबू उचललं. “हे परत ठेवलं, तर टोपली होती तशीच. दुसऱ्या वेळेचा पहिलीशी संबंध नाही. स्वतंत्र घटना. नाही ठेवलं, तर टोपली बदलली. मग दुसरी पहिलीवर अवलंबून.”

“मग ठेवा की परत! दाबून दाबून मऊ केलंत. आता कुणाला विकू?”

त्यानं लिंबू खिशात घातलं. “अवलंबून,” तो म्हणाला... आणि ती धुक्याकडं तोंड करून हसली.

पुढं दर रविवारी त्याचं गडावर काम निघू लागलं. गड मात्र तो एकदाही चढला नाही.

दिवाळीनंतर त्यानं मागणी घातली. जात वेगळी, म्हणून त्याचे वडील महिपती आधीच कुरकुरत होते. सुषमाचे वडील बहिरूआबा एवढंच म्हणाले, “कौल लावू. उजवी पाकळी आधी पडली तर पोरगी तुमची, डावी पडली तर न्हाई. आन् कौल एकदाच. परत मागायचा न्हाई.”

“निम्मी शक्यता,” स्वराज पुटपुटला.

“लय झाली,” सुषमा म्हणाली. पण निम्म्यावर कोण समाधान मानतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी देवळात देवाच्या शेंदरी दगडावर दोन बाजूंना झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या आणि माणसं जमेपर्यंत ते बाहेर बसले. सुषमा आत दिवा लावून आली. मग नमस्काराच्या निमित्तानं स्वराज गेला. उजवी पाकळी त्यानं नखानं सैल केली. डावी आधीच जरा सुटली होती. बरं झालं आपण आलो, असं म्हणत ती अंगठ्यानं घट्ट दाबली.

माणसं जमली. आबांनी गाऱ्हाणं घातलं आणि उजवी पाकळी पडली! स्वराजनं हसून मान वर केली... तर आबा डोळे पुसत होते.

“डावा दिला देवानं.”

देवळामागं सुषमानं त्याला गाठलं. मग म्हणाली, “मी सैल केली होती ना ती! दिवा लावायला गेलते तवा. उजवी.”

“मीही उजवीच.”

“कुणाची उजवी?”

“माझी...”

“देव आपल्याकडं तोंड करून बसतो, स्वराज.” पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली.

“आबांना सांगू या.”

“काय सांगू? दोगांनी मिळून देवाला फसवलं? तांदूळ विकताना आबांनी मापात मूठभर कदी कमी घातला न्हाई. आता त्यांची मान खाली घालू?”

महिपतींची कुरकुर मिटली. आबांचा शब्द राहिला. सुषमा तलाठी झाली, संभाव्यतेची सगळी उत्तरं बरोबर. तो आत गेलाच नसता, तर ‘हो’ नक्की होतं. दोघंही गेले नसते, तरी निम्मी आशा होती. चूक एकाची, पण किंमत मोजली दोघांनी. निम्मी निम्मी.